पाणी निळं करणारा पेला

मुलांनो, आज एक कोडं घालतो. एक लाकडी पेला आहे. आतून रंग लावलेला नाही, तळाशी कसली पूड नाही की गोळी नाही. त्यात विहिरीचं साधं स्वच्छ पाणी ओतायचं आणि थोडा वेळ वाट पाहायची. मग ते पाणी काचेच्या ग्लासात काढायचं. ग्लास खिडकीसमोर धरून आरपार पाहिलं तर पाणी पिवळसर सोनेरी दिसतं, अगदी बिनदुधाच्या पातळ चहासारखं. आता तोच ग्लास काळ्या कापडासमोर ठेवा, उजेड बाजूनं पडू द्या, आणि पाहा. तेच पाणी निळं! ग्लास पुन्हा खिडकीसमोर धरला की पुन्हा सोनेरी.

सांगा बरं, पाण्याचा खरा रंग कोणता?

घाबरू नका, उत्तर आलं नाही तरी चालेल. पावणेचारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या भल्याभल्या पंडितांनाही ते आलं नव्हतं. त्यांतला एक होता रोममध्ये राहणारा जर्मन धर्मगुरू अथानासियस किर्चर. हा मोठा अजब माणूस. ज्वालामुखी आतून कसा दिसतो हे पाहण्यासाठी १६३८ मध्ये तो व्हेसुव्हियस पर्वताच्या तोंडात उतरला होता! इजिप्तची चित्रलिपी आपल्याला वाचता येते असंही तो छातीठोकपणे सांगे. (ती त्याला येत नव्हती, हे पुढे कळलं.) अशा माणसाला मेक्सिकोतल्या धर्मबांधवांनी एक लाकडी पेला भेट पाठवला. किर्चरनं त्यात पाणी ओतून पाहिलं आणि तो थक्कच झाला. आरपार पाहिलं तर पिवळसर, वरून पाहिलं तर निळं. १६४६ मध्ये छापलेल्या प्रकाश आणि सावलीवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्यानं हे सगळं लिहून ठेवलं. पेला मात्र त्यानं सम्राटाला नजर केला.

खरं तर या लाकडाची कीर्ती त्याच्याही आधी युरोपात पोचली होती. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलास मोनार्देस नावाचा वैद्य होता. अमेरिकेहून येणाऱ्या जहाजांतून नवनवी मुळं, साली, बिया उतरत आणि हा त्यांची माहिती गोळा करून लिहून ठेवी. १५६५ मध्ये त्यानं लिहिलं, की मेक्सिकोतून एक लाकूड येतं, त्याचे बारीक तुकडे पाण्यात टाकले की पाणी निळं होतं, आणि ते पाणी मूत्रपिंडाच्या विकारावर देतात. म्हणून त्याचं नावच पडलं 'मूत्रपिंडाचं लाकूड'. लॅटिनमध्ये लिग्नम नेफ्रिटिकम. मेक्सिकोच्या नाहुआ लोकांना तर हे कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. ते त्या झाडाला 'कोआत्ली' म्हणत. नाव त्यांचं, औषध त्यांचं. युरोपच्या पुस्तकांत ते उशिरा आलं इतकंच.

आता पाण्याचा रंग क्षणभर बाजूला ठेवू आणि पेल्याकडे पाहू. लाकडाचा पेला होतो तरी कसा?

लाकूड फिरवून गोल वस्तू बनवणाऱ्या कारागिराला आपल्याकडे 'कातारी' म्हणतात. तुमच्या घरातलं लाटणं, तुमच्या खिशातला भोवरा, पाटावरचं बुद्धिबळाचं प्यादं, जुन्या पाळण्याचे नक्षीदार दांडे, हे सगळं कातारी कामच. रेखीव चेहऱ्याला आपण 'कातीव' म्हणतो ना, तो शब्द इथूनच आला. आज कातारी विजेच्या लेथवर काम करतो. पूर्वी लाकडाला दोरीचे वेढे देऊन एक जण ती दोरी पुढे-मागे ओढत बसे. लाकूड एकदा या बाजूला फिरे, एकदा त्या बाजूला, आणि हत्यार फक्त एकाच बाजूच्या फेरीला चाले.

लेथवर ओंडका घट्ट पकडायचा. मोटर सुरू झाली की तो गरगर फिरू लागतो. पुढ्यात एक लोखंडी आधार असतो. त्यावर गोल तोंडाची पटाशी टेकवून कातारी ती हळूच लाकडाला भिडवतो आणि ढलप्या उडू लागतात. आधी बाहेरचा आकार, मग आतली पोकळी. कुंभार आणि कातारी हे तसे चुलतभाऊ, दोघांचंही काम गरगर फिरणाऱ्या वस्तूवर. पण कुंभाराचं काही बिघडलं तर तो मातीचा गोळा करून पुन्हा बसतो. कातारी जे काढून टाकतो ते परत लावता येत नाही. पेल्याची भिंत पातळ होत आली की तो दर थोड्या वेळानं मशीन थांबवतो, बोटांनी जाडी चाचपतो, पुन्हा सुरू करतो. धार जरा आडवी लागली तर तासाभराची मेहनत फट्कन फुटून भिंतीवर आपटते.

आणि घाई तर इथे चालतच नाही. ओलं लाकूड वाळताना आकसतं, तेही सगळीकडून सारखं नाही. वर्षवलयांच्या कडेकडेनं ते जास्त आकसतं, आतून बाहेर कमी, साधारण निम्मंच. म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होऊन बसतो. यावर कातारी लोकांनी मोठी हुशारीची युक्ती काढली आहे. ओल्या लाकडातून आधी मुद्दाम जाडा वाडगा काढायचा, फूटभर रुंद असेल तर भिंत इंचभर जाड. मग तो काही महिने सावलीत ठेवून द्यायचा. वाळून त्याला काय वेडंवाकडं व्हायचं ते होऊ द्यायचं आणि मग पुन्हा लेथवर चढवून नीट गोल करायचा. कापलेल्या टोकांना मेण फासायचं, म्हणजे तिथून पाणी भराभर उडून तडे जात नाहीत.

उष्ण प्रदेशातल्या कठीण लाकडांचं काम तर आणखी अवघड. आपल्या सागवानातच बारीक वाळूसारखे कण असतात, त्यामुळे पटाशीची धार लवकर मरते. वेस्ट इंडीज बेटांवरचं लिग्नम व्हिटे हे लाकूड इतकं जड आहे, की पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं! आणि ते आतून इतकं तेलकट असतं, की जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती बैठक त्या लाकडाची करत. वंगण घालायला नको. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याचे मोठमोठे कातीव वाडगे बनत, सणासुदीचं पेय ठेवायला. दक्षिण अमेरिकेतलं 'पर्पलहार्ट' कापलं की आधी मळकट तपकिरी दिसतं आणि हवा-उजेड लागला की चक्क जांभळं होतं. आफ्रिकेतलं पाडाउक कातताना ढलप्या शेंदरासारख्या लाल उडतात. शिसवीच्या जातीच्या काही लाकडांची धूळ अंगावर उडाली तर पुरळ उठतं, शिंका थांबत नाहीत. म्हणून शहाणा कातारी नाकातोंडाला मास्क बांधूनच बसतो.

हे रंग, हे तेल, ही खाज लाकडात येते कुठून? झाडाचं खोड आडवं कापलेलं पाहिलंय? बाहेरच्या बाजूला फिकट कडं असतं. मुळांनी शोषलेलं पाणी वर चढतं ते तिथून. आतला गडद भाग म्हणजे गाभा. गाभ्यातलं पाणी वाहून नेण्याचं काम संपलेलं असतं. तो नुसता टेकू देऊन उभा असतो. पण त्याला वाळवीनं किंवा बुरशीनं खाल्लं तर अख्खं झाड कोसळेल. मग झाड काय करतं, तर गाभ्याच्या बारीक नळ्यांत नाना तऱ्हेची रसायनं भरून ठेवतं. कडू, तेलकट, विषारी, रंगीत. उष्ण प्रदेशात कीड आणि बुरशी बारा महिने टपलेली, त्यामुळे तिथल्या कितीतरी झाडांनी हा बंदोबस्त फारच जोरदार केला आहे. आपल्याला आवडतो तो लाकडाचा रंग म्हणजे झाडानं वाळवीसाठी भरून ठेवलेलं औषध!

किर्चरच्या पेल्यातही हेच होतं. पेला तयार करताना गाभ्याच्या हजारो नळ्यांची तोंडं उघडी पडली. त्यांत पाणी शिरलं आणि आतलं द्रव्य थोडं थोडं सुटून पाण्यात उतरलं.

पण त्यानं पाणी निळं का व्हावं? रॉबर्ट बॉइल हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पुढे-मागे वाचालच. त्यानं या लाकडाचे प्रयोग करून १६६४ मध्ये आपल्या रंगांवरच्या पुस्तकात छापले. त्यानं निळ्या पाण्यात आम्ल टाकलं. निळाई गेली, पण सोनेरी रंग तसाच राहिला. मग त्यानं अल्कली टाकली. निळाई परत आली! म्हणजे निळा आणि सोनेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. पदार्थ आम्ल आहे की नाही हे ओळखायला हे पाणी चांगलं, असंही त्यानं सुचवलं. तुमच्या शाळेतला लिटमस कागद जे काम करतो तेच.

निळाईचं खरं कारण उलगडायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षं लागली. १८५२ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यानं दाखवून दिलं, की काही पदार्थ सूर्यप्रकाशातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण गिळतात आणि त्यांच्या बदल्यात दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला त्यानं नाव दिलं फ्लुओरेसन्स. मराठीत प्रतिदीप्ती. नोटा तपासायच्या यंत्राखाली नोटेवरचे काही धागे चमकतात ते यामुळेच. 'पांढऱ्याहून पांढरे' करणाऱ्या धुण्याच्या पावडरीतही असलाच पदार्थ असतो, तो कपड्यांना निळसर झाक आणतो. तेव्हा किर्चरच्या पेल्यातलं पाणी निळं रंगलेलं नव्हतंच. ते स्वतः मंद निळं उजळत होतं. काळ्या कापडासमोर ती निळाई उठून दिसे आणि खिडकीसमोर धरलं की मागून येणाऱ्या उजेडात बुडून जाई.

चला, कारण सापडलं. पण तोवर एक भलतीच पंचाईत होऊन बसली होती. झाडच हरवलं होतं!

हसू नका. युरोपात पोचले होते ते लाकडाचे तुकडे, ढलप्या आणि थोडे पेले. पान नाही, फूल नाही, शेंग नाही. वनस्पतीशास्त्रज्ञानं झाड ओळखायचं कशावरून? हळूहळू ते लाकूड बाजारात येईनासं झालं आणि मग प्रत्येक जण आपापला अंदाज बांधू लागला. झाडाफुलांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणारा थोर लिनियस, त्यानं तर हे लाकूड शेवग्याचं असेल असं ठरवलं! शेवग्याच्या लाकडाचा पेला म्हणजे... कुठल्याही कोकणी कातारीला विचारलं असतं तर तो पोट धरून हसला असता. शेवग्याचं लाकूड इतकं पोकळ आणि ठिसूळ, की त्याच्या फांदीवर चढू नका असं आजीसुद्धा बजावते.

हा गुंता सुटला १९१५ मध्ये. विल्यम सॅफर्ड हा अमेरिकेच्या शेती खात्यातला वनस्पतीशास्त्रज्ञ. तो पूर्वी नौदलात होता आणि पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर काही काळ राहिला होता. त्यानं जुने ग्रंथ आणि लाकडाचे नमुने एकमेकांशी ताडून पाहिले. मेक्सिकोतलं 'कोआत्ली' म्हणजे आयझेनहार्टिया नावाचं झाड, हे त्यानं पक्कं केलं. मोनार्देसच्या ढलप्या याच झाडाच्या. पण हे झाड लहानखुरं, झुडूपवजा. मला विचाराल तर इथे शास्त्रज्ञापेक्षा कातारीचाच प्रश्न मोलाचा आहे: बाबांनो, एवढ्याशा खोडातून चांगला ऐसपैस पेला निघेल कसा? पेल्याला रुंद गाभा हवा.

सॅफर्डनं शोधलं, की पेल्याचं झाड निराळंच होतं आणि ते मेक्सिकोत उगवतही नव्हतं. ते होतं फिलिपाईन्सचं 'नारा'. शास्त्रीय नाव टेरोकार्पस इंडिकस. उंच, भक्कम वृक्ष. तिथले लोक या लाकडाचे पेले करत आणि त्यात पाणी ठेवून पीत. मग ते पेले मेक्सिकोत कसे आले? फिलिपाईन्स आणि मेक्सिको, दोन्हींवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं पॅसिफिक ओलांडून ये-जा करत. रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, आणि त्याच गठ्ठ्यांत केव्हातरी हे पेले. मेक्सिकोत उतरून ते पुढे युरोपला गेले. माल मेक्सिकोहून आला म्हणून सगळ्यांनी तो मेक्सिकोचा मानला! पृथ्वीच्या दोन टोकांची दोन झाडं, दोन्ही पाणी निळं करणारी, आणि दोन्हींना नाव एकच. साडेतीनशे वर्षं घोळ झाला तो यामुळे.

आणखी गंमत ऐका. मेक्सिकोच्या झाडातलं निळं उजळणारं द्रव्य नेमकं कोणतं, हे २००९ मध्ये स्पेनच्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढलं. ते लाकडात मुळी नसतंच! लाकडात असतो दुसराच एक पदार्थ. तो किंचित अल्कलीयुक्त पाण्यात उतरला, त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला, की आपोआप त्याचं हे नवं द्रव्य होतं. त्यांनी त्याला नाव दिलं 'मॅटलालिन', नाहुआ भाषेतल्या निळ्यासाठी असलेल्या शब्दावरून.

आता म्हणाल, हे झालं मेक्सिको आणि फिलिपाईन्सचं. आपल्याकडे काय? आहे ना! नाराचा सख्खा भाऊ आपल्याच जंगलात उभा आहे. विदर्भात त्याला बीजा म्हणतात, बाकी महाराष्ट्रात कुठे बिबळा, कुठे बिवळा. हिंदीत विजयसार. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्याला बीजक आणि असन म्हटलं आहे. आणि नाराला फिलिपाईन्समध्ये दुसरं नाव काय, ठाऊक आहे? असाना. मलय भाषेत अंगसाना. (कोकणात मात्र असाणा म्हणून तुम्हांला दुसरंच झाड दाखवतील, तेव्हा जपून!) बीजा ओळखायचा त्याच्या शेंगेवरून. चपटी, गोल, कडेला पातळ पंख असलेली, जणू छोटी पापडीच. टेरोकार्पस म्हणजेच 'पंखवालं फळ'. सालीवर कोयत्याचा घाव बसला की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो.

या बीजाच्या गाभ्याचे लेथवर कातलेले पेले आजही आयुर्वेदिक दुकानांत आणि प्रदर्शनांत मिळतात. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांच्या उशाशी असा पेला असेलही. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते तांबूस झालं की प्यायचं, मधुमेहावर चांगलं म्हणून. काही दिवसांनी पाणी रंगेनासं होतं, कारण उघड्या नळ्यांतलं द्रव्य संपत येतं. या लाकडावर डॉक्टरांनी अभ्यासही केले आहेत. पण आईबाबांनो, एक गोष्ट ध्यानात असू द्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिन अशा पेल्याच्या भरवशावर बंद करणं फार धोक्याचं. पेला वापरायचा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून, आणि साखर नियमित तपासून.

दुसरी काळजी झाडांची. नारा हा फिलिपाईन्सचा राष्ट्रीय वृक्ष, १९३४ मध्ये ठरलेला. पण लाकडासाठी इतकी तोड झाली, की आज तो जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांच्या लाल यादीत आहे. याच कुळातलं आपलं आंध्रातलं रक्तचंदन, त्याच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या तुम्ही वाचताच. परदेशात ते परवान्याशिवाय पाठवता येत नाही. लिग्नम व्हिटेवरही तशीच बंधनं आहेत. असल्या झाडांचा गाभा भरायला कित्येक दशकं जातात. म्हणून जगातले कितीतरी कातारी आता उभं झाड तोडलेलं लाकूड घेत नाहीत. वादळात पडलेलं झाड, मोडक्या घराची तुळई, सुतारानं टाकलेला तुकडा, यांतून ते वाडगे काढतात. जुनी तुळई वर्षानुवर्षं वाळलेली असते, ती सहसा वाकत नाही, हा त्यांचा आणखी एक फायदा.

आता करून पाहायचं काम. काष्ठौषधींच्या दुकानातून बीजाच्या लाकडाचा लहानसा तुकडा आणा. तो काचेच्या ग्लासात पाण्यात टाका आणि काही तास ठेवा. दुपारी ग्लास उन्हात न्या, मागे काळा कागद धरा आणि बाजूनं पाहा. मग आरपार पाहा. आता ते पाणी दोन ग्लासांत वाटून घ्या. एकात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. बॉइलनं मेक्सिकोच्या लाकडाचं जे पाहिलं तेच आपल्या बीजात दिसतं का? किती वेळात दिसलं, कोणत्या ग्लासात, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली काही फरक पडला का, सगळं वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आणि हो, प्रयोगाचं पाणी प्यायचं नाही. तुळशीला किंवा कुंडीलाही नको, सरळ मोरीत ओता.